माइकपासून स्पीकरपर्यंत: नऊ व्होल्टच्या अँप्लिफायरच्या नोंदी

५ जानेवारी २०२५

बनवायचं आहे ते एवढंच: कंडेन्सर माइकची कॅप्सूल, एका ट्रान्झिस्टरचा प्रीअँप (माइकचा बारीक सिग्नल आधी वाढवणारा भाग), एलएम ३८६ ही स्पीकर चालवणारी आयसी आणि ८ ओहमचा स्पीकर. चालणार ९ व्होल्टच्या बॅटरीवर. माइक-स्पीकरचा तयार बोर्ड बाजारात मिळतो, पण त्यातून शिकायला काही मिळत नाही. इथे प्रत्येक किंमत आधी कागदावर काढायची, मग मीटरनं मोजायची. दोन्ही आकडे जुळले नाहीत, तर कारण सापडेपर्यंत पुढची कडी जोडायची नाही. माइक आणि स्पीकर पहिले दोन आठवडे डब्यातच राहतील. आधी डीसी (स्थिर व्होल्टेज), मग आवाज (एसी सिग्नल).

सामान: बीसी ५४७ बी ट्रान्झिस्टर दहा नग (जळणार आहेत), एलएम ३८६ एन-१ दोन नग आणि त्यांचे आठ पायांचे सॉकेट. पाव वॉटचे मेटल फिल्म रेझिस्टर: १० ओहम, १०० ओहम, ३३० ओहम, १ के (के म्हणजे हजार ओहम), १.२ के, ४.७ के, १० के, ४७ के, २२० के आणि २.२ मेग (मेग म्हणजे दहा लाख ओहम). इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर १, १०, १००, २२० आणि ४७० मायक्रोफॅरड, सगळे १६ किंवा २५ व्होल्टचे. १०४ आणि ४७३ छापलेले छोटे कपॅसिटर, म्हणजे अनुक्रमे ०.१ आणि ०.०४७ मायक्रोफॅरड. १० के चा व्हॉल्यूम पॉट, म्हणजे फिरवायचा बदलता रेझिस्टर. पुण्यात तपकीर गल्लीत, मुंबईत लॅमिंग्टन रोडला हे सगळं एका फेरीत मिळतं. पॉट घेताना अंगावरचं अक्षर बघावं. ए१०के म्हणजे आवाजासाठीचा लॉग, बी१०के म्हणजे लिनिअर. बी लावला तर पहिल्या पाव फेरीतच सगळा आवाज चढतो आणि उरलेली फेरी नुसती फिरत राहते.

मीटरबद्दल. स्वस्तातला डीटी ८३० डी डीसीला चालतो, पण त्याची एसीची सर्वांत लहान रेंज २०० व्होल्टची आहे. त्यावर मिलिव्होल्टचा सिग्नल शून्यच दिसणार. एसी मोजण्यासाठी २ व्होल्टची एसी रेंज असलेला मीटर हवा, नाहीतर डीएसओ १३८ हा किटमध्ये मिळणारा छोटा ऑसिलोस्कोप. इथे दोन्ही वापरले आहेत. त्या छोट्या स्कोपला घरच्या २३० व्होल्टजवळ कधीही न्यायचं नाही.

६ जानेवारी

आज फक्त कागदकाम.

ट्रान्झिस्टरमधून (पाय तीन: कलेक्टर, बेस, एमिटर) साधारण १ मिलिअँप वाहू द्यायचा. कलेक्टरचा रेझिस्टर ४.७ के, एमिटरचा १ के. बेसला व्होल्टेज देण्यासाठी वर ४७ के आणि खाली १० के. नऊ व्होल्टचं विभाजन: ९ × १० ÷ ५७ = १.५८ व्होल्ट. बेस थोडा करंट ओढतो, त्यामुळे ते १.५५ पर्यंत उतरतं. त्यातून बेस-एमिटरचे ०.६५ वजा केले की एमिटरवर ०.९० व्होल्ट. एमिटरला १ के असल्यामुळे करंट ०.९० मिलिअँप. तोच जवळजवळ पूर्ण कलेक्टरमधून येतो, म्हणून ४.७ के वर ४.२३ व्होल्ट पडतात आणि कलेक्टर ४.७७ व्होल्टवर उभा राहतो.

कलेक्टर साधारण मधोमध का हवा? कारण सिग्नल आला की तो तिथून वर-खाली हलणार. वरची हद्द ९ व्होल्ट, खालची हद्द एमिटरच्या थोडी वर, म्हणजे सव्वा व्होल्टच्या आसपास. कुठल्याही एका हद्दीला चिकटून बसला, तर त्या बाजूनं तरंग छाटला जाईल.

नवशिक्यांच्या चोपड्यांत बहुधा याहून सोपं सर्किट असतं: एमिटर थेट ग्राउंडला (बॅटरीच्या ऋण टोकाला), आणि बेसला पुरवठ्यापासून एकच मोठा रेझिस्टर. एक रेझिस्टर वाचतो आणि वाचवणारा पस्तावतो. का, ते मोजून बघायचं म्हणून २.२ मेग आणला आहे.

१२ जानेवारी

ब्रेडबोर्डवर, म्हणजे टाके न लावता भाग खोचायच्या बोर्डावर, प्रीअँप जोडला. पुरवठा ९.२ व्होल्ट. पहिलं वाचन: कलेक्टर ९.२, एमिटर ०, बेस ०.१९.

कलेक्टरवर पूर्ण पुरवठा दिसतो याचा अर्थ ४.७ के मधून करंटच जात नाही. ट्रान्झिस्टर बंद आहे. नवशिका इथे ट्रान्झिस्टर बदलतो. बदलू नये, बेसचा आकडा वाचावा. ०.१९ म्हणजे ९.२ चा अठ्ठेचाळिसावा भाग. खाली १० के च्या जागी १ के बसला आहे, हे उपकरण न उचलता आकड्यावरून कळतं. मेटल फिल्मवर पाच पट्टे असतात. १० के म्हणजे तपकिरी-काळा-काळा-लाल-तपकिरी, १ के म्हणजे तपकिरी-काळा-काळा-तपकिरी-तपकिरी. ट्यूबलाइटच्या उजेडात निळसर अंगावरचा लाल आणि तपकिरी एकसारखे दिसतात. त्यात १ के उलटा वाचला तर ११० ओहम होतो. नियम केला: बोर्डात खोचण्याआधी प्रत्येक रेझिस्टर मीटरवर धरायचा. पट्टे फक्त डबे लावण्यापुरते.

दुसरं वाचन, १० के बसवल्यावर: बेस १.५९, एमिटर ०.९४, कलेक्टर ४.८१. पुरवठा ९ ऐवजी ९.२ धरून कागद पुन्हा मांडला, तर हेच आकडे येतात. जुळलं.

तिसरं वाचन, मुद्दाम चूक करून. बीसी ५४७ ची सपाट बाजू आपल्याकडे आणि पाय खाली धरले, की डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर. २एन ३९०४ चा क्रम याच्या उलटा आहे: एमिटर, बेस, कलेक्टर. नेटवरचं चित्र एकाचं आणि हातात दुसरा, हे रोजचंच. बीसी ५४७ उलटा खोचला तरी सर्किट पूर्ण मरत नाही, हीच पंचाईत. उलटा ट्रान्झिस्टरही थोडंफार काम करतो, फक्त बीटा, म्हणजे बेसच्या करंटच्या किती पट कलेक्टरचा करंट तो आकडा, शेकड्यांवरून एक आकडी होतो. बेस जास्त करंट ओढू लागतो आणि बेसचं व्होल्टेज कागदापेक्षा ठळकपणे खाली येतं. बेस १.५ च्या जागी १.० च्या आसपास दिसला तर आधी पाय तपासावेत.

आणखी एक खोड ब्रेडबोर्डची: लांब बोर्डावर कडेच्या लाल-निळ्या पट्ट्या काही वेळा मधोमध तुटलेल्या असतात. छापील रेघही तिथे खंडित असते, पण लक्ष जात नाही. उजव्या अर्ध्यात जोडलेलं ग्राउंड मग हवेत लोंबतं. दोन्ही अर्धे तारेच्या तुकड्यानं जोडून घेतले.

१३ जानेवारी

बीटाची परीक्षा. त्याच सॉकेटात वेगवेगळे बीसी ५४७. ए गटाचा बीटा ११० ते २२०, बी चा २०० ते ४५०, सी चा ४२० ते ८००. मीटरच्या एचएफई (म्हणजे बीटाच) खाचेत मोजून प्रत्येक गटातला एक निवडला: १५०, २९० आणि ६००.

चार रेझिस्टरच्या सर्किटात, ९.० व्होल्टवर कलेक्टर अनुक्रमे ४.८९, ४.७७ आणि ४.७०. बीटा चौपट झाला आणि कलेक्टर जेमतेम ०.२ व्होल्ट हलला.

आता एमिटर ग्राउंडला आणि बेसला २.२ मेग. १५० वाल्याचा कलेक्टर ६.३, २९० वाल्याचा ३.८, ६०० वाल्याचा ०.१. शेवटचा पार झोपला. त्याला सव्वादोन मिलिअँप हवे होते, पण ४.७ के मधून ९ व्होल्टला १.९ पेक्षा जास्त येऊच शकत नाही. बीसी ५४७ या एकाच नावाच्या ट्रान्झिस्टरवर असं सर्किट चालेल की नाही, हे नशिबावर.

फरक एमिटरच्या १ के मुळे पडतो. करंट वाढायला लागला की एमिटरचं व्होल्टेज चढतं, बेस-एमिटरमधला फरक कमी होतो आणि करंट आपोआप आवरला जातो. बोटाने ट्रान्झिस्टर धरून गरम केला तरी हेच दिसतं. चार रेझिस्टरवाला कलेक्टर किंचित हलतो, एक रेझिस्टरवाला डोळ्यांदेखत खाली सरकतो.

१९ जानेवारी

आता सिग्नल. मोबाइलवर टोन देणारं अ‍ॅप, १ किलोहर्ट्झ. हेडफोनच्या तोंडातून एक व्होल्टच्या आसपास येतं, आणि माइक देतो मिलिव्होल्टमध्ये. म्हणून १० के आणि १०० ओहमचा विभाजक लावला: १ व्होल्ट आत, ९.९ मिलिव्होल्ट बाहेर. दहा मिलिव्होल्ट मोजायला मीटर चाचपडतो, पण विभाजकाआधीचा एक व्होल्ट नीट मोजता येतो. १०१ ने भागलं की झालं. स्वस्त मीटरची एसी अचूकता बहुधा ४०० हर्ट्झपर्यंतच सांगितलेली असते. म्हणून मीटरनं मोजताना टोन ४०० वर आणला, स्कोपला १ किलोहर्ट्झ ठेवला.

विभाजकापासून बेसपर्यंत १ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. त्याची धन बाजू बेसकडे, कारण मोबाइलकडे डीसी शून्य आणि बेसला दीड व्होल्ट. ही दिशा पुढे बदलणार आहे, इथे लाल पेनानं नोंद.

गेन (सिग्नल किती पट वाढतो), पायरी पहिली. एमिटरचा १ के उघडा: कागदावर ४.७ के ला १ के अधिक ट्रान्झिस्टरच्या आतला एमिटर रोध या बेरजेनं भागायचं. तो रोध म्हणजे २५ मिलिव्होल्ट भागिले करंट. ०.९ मिलिअँपला २८ ओहम. ४७०० ÷ १०२८ = ४.६. मोजलेलं ४.५.

पायरी दुसरी. १ के ला समांतर १०० मायक्रोफॅरड. आता सिग्नलला १ के दिसतच नाही, फक्त २८ ओहम. कागद म्हणतो १६८. आवाज वाढला खरा, पण स्कोपवर तरंग वाकडा: खालची टोकं टोकदार, वरची गोल आणि जाड. ही छाटणी नव्हे. बेसवर व्होल्टेज वाढलं की करंट सरळ रेषेत न वाढता घातांकानं वाढतो, त्यामुळे कलेक्टर खाली जाताना झपकन जातो आणि वर येताना रेंगाळतो. उघड्या २८ ओहमवर चालणाऱ्या कडीचा ढोबळ हिशोब असा: बेसवर सिग्नलचं शिखर १ मिलिव्होल्ट असेल तर दुसऱ्या हार्मोनिकची (मूळ टोनच्या दुप्पट वारंवारतेची) विकृती सुमारे १ टक्का, १४ मिलिव्होल्ट असेल तर १४ टक्के. आपला १० मिलिव्होल्टचा सिग्नल म्हणजे शिखर १४. माइकसमोर कोणी ओरडलं की शब्द का चुरगाळतात, ते इथे दिसतं.

पायरी तिसरी, तडजोड. १०० मायक्रोफॅरडच्या रांगेत १०० ओहम. डीसीला एमिटर १ के च दिसतो, म्हणून आधी जुळवलेली व्होल्टेजं जागची हलत नाहीत. सिग्नलला १ के समांतर १०० म्हणजे ९१, अधिक २८, एकूण ११९ ओहम. गेन ३९. मोजलेलं ३८, आणि तरंग डोळ्याला तरी गोल गरगरीत. हेच ठेवलं.

२० जानेवारी

कलेक्टरपासून १ मायक्रोफॅरडमधून, धन बाजू कलेक्टरकडे, व्हॉल्यूमचा १० के पॉट जोडला. गेन ३८ वरून २६ वर आला. काही बिघडलं नाही. सिग्नलच्या दृष्टीनं पॉटचा १० के आणि कलेक्टरचा ४.७ के समांतरच असतात: ३.२ के. ३२०० ÷ ११९ = २७.

सुट्या कडीचा गेन आणि जोडलेल्या कडीचा गेन वेगळा असतो, ही गोष्ट वाचून कळत नाही, असा आकडा पडल्यावर कळते. पॉटच्या आधी कपॅसिटर नसेल तर पॉटमधून डीसी वाहतो आणि नवा कोरा पॉटही फिरवताना खरखरतो. तेही लावून-काढून पाहिलं.

२६ जानेवारी

माइक डब्यातून बाहेर. कॅप्सूलच्या पाठीवर दोन ठिपके. ज्या ठिपक्यापासून बारीक रेघा बाहेरच्या डबीला जोडलेल्या दिसतात तो ऋण. आत एक फेट (ट्रान्झिस्टरचा एक प्रकार) बसलेला असतो, त्याला चालायला पुरवठा लागतो. म्हणून धन ठिपक्याला ४.७ के मधून व्होल्टेज. कॅप्सूल पाव मिलिअँपच्या आसपास ओढते, त्यामुळे तिच्या धन टोकावर पावणेआठ-आठ व्होल्ट दिसायला हवेत. पूर्ण पुरवठा दिसला तर टाका सुटला आहे. शून्याजवळ दिसलं तर ठिपके आपसात चिकटले आहेत. कॅप्सूलवर सोल्डरगन दोन सेकंदांवर टेकवू नये, आतलं प्लॅस्टिक वितळतं. टाका जमला नाही तर हात आवरावा, गार होऊ द्यावं, मग पुन्हा.

लाल पेनाची नोंद आता कामाला आली. माइककडे आठ व्होल्ट, बेसकडे दीड. कपॅसिटरची धन बाजू माइककडे हवी. मोबाइलच्या वेळची दिशा तशीच राहिली तर इलेक्ट्रोलिटिकवर साडेसहा व्होल्ट उलटे बसतात. तो लगेच फुटत नाही, पण गळू लागतो, बेसचा डीसी ढळतो आणि दोष भलतीकडे शोधला जातो.

मोजमाप: माइकच्या टोकावरचा सिग्नल आणि पॉटवरचा सिग्नल पाहता गेन २७ च. पण माइक सुटा असताना त्याच्या टोकावर येतो तेवढा सिग्नल धरला तर गेन १६. कारण माइकचा अंतर्गत रोध म्हणजे हाच ४.७ के, आणि प्रीअँपचा प्रवेशरोध ६.६ के: ४७ के, १० के आणि बीटा गुणिले ११९ ओहम म्हणजे साडेचौतीस के, तिन्ही समांतर. सिग्नलचा चाळीस टक्के भाग दारातच अडतो. मोबाइलच्या विभाजकाचा रोध १०० ओहम होता, म्हणून तिथे हे लपलं.

उपाय शोधताना ४७ आणि १० ऐवजी ४७० के आणि १०० के घेऊन पाहिले. प्रवेशरोध २४ के झाला, पण बेसचा करंट आता नगण्य राहिला नाही आणि बीटाप्रमाणे कलेक्टर पुन्हा हलायला लागला. मधला रस्ता: २२० के आणि ४७ के. कलेक्टर ५.१, बीटा १५० वाल्याला ५.५, दोन्ही खपण्यासारखे. प्रवेशरोध १८ के. आता माइकचा ऐंशी टक्के सिग्नल आत येतो, आणि एकूण गेन २१.

प्रवेशरोध वाढल्यामुळे दारातला कपॅसिटर लहान करता आला. १ मायक्रोफॅरडऐवजी ०.१. सीमा, म्हणजे जिच्या खालचे सूर अडतात ती वारंवारता, ७० हर्ट्झवर येते. बोलण्याला तेवढं भरपूर, आणि पंख्याची घरघर, टेबलाचे धक्के बाहेरच राहतात. शिवाय ०.१ हा पॉलिएस्टरचा मिळतो. त्याला धन-ऋण नसतंच, दिशेची भानगडच मिटली.

डीटी ८३० ने बेस मोजला तर आता कागदापेक्षा ०.०५ व्होल्ट कमी दिसतो. या मीटरचा रोध १ मेग आहे. बेसजवळचा रोध ३४ के झाल्यामुळे मीटर स्वतःच तीन टक्के खाली ओढतो. १० मेगच्या मीटरनं आकडा जुळतो. एमिटर आणि कलेक्टरवर हा फरक पडत नाही, म्हणून शंका आली की एमिटर मोजावा आणि ०.६५ मिळवावेत.

१ फेब्रुवारी

एलएम ३८६. खाचेच्या डावीकडून खाली १ ते ४, मग उजवीकडून वर ५ ते ८. पाय २ आणि ४ ग्राउंड, ३ ला पॉटचा मधला पाय, ६ ला पुरवठा, ५ मधून बाहेर. १ आणि ८ मोकळे सोडले तर गेन २०. त्यांच्यात नुसता १० मायक्रोफॅरड लावला तर २००. १.२ के आणि १० मायक्रोफॅरड रांगेत लावले तर ५०. पाय ७ पासून ग्राउंडला १० मायक्रोफॅरड.

स्पीकर लावण्याआधी पाय ५ चं व्होल्टेज: ४.५. पुरवठ्याच्या निम्मं हवं, तसंच आहे. हे निम्मं व्होल्टेज स्पीकरला थेट मिळालं तर कॉइल तापते, म्हणून मध्ये कपॅसिटर. २२० मायक्रोफॅरड आणि ८ ओहमची सीमा ९० हर्ट्झ, ४७० ची ४२. लहान स्पीकर तसाही शंभरच्या खाली फारसं काही बोलत नाही. तरी ४७० लावला, बॅटरी नंतर हिशोब मागेल ही कल्पना असूनही.

स्पीकर जोडला. आवाज नाही, पण आयसी तापली. बॅटरीतून ६० मिलिअँप. सिग्नल नसताना या आयसीनं साधारण ४ मिलिअँप घ्यायला हवेत, फार तर ८. स्कोप लावल्यावर पाय ५ वर कानाला न ऐकू येणारा वेगवान तरंग. आयसी ऑसिलेटर होऊन बसली होती. दोन गोष्टी राहिल्या होत्या. पाय ५ पासून ग्राउंडला १० ओहम आणि ४७३ रांगेत, आणि पाय ६ ला अगदी चिकटून १०४. अगदी चिकटून म्हणजे एक सेंटिमीटरच्या आत. १०४ होता, पण बोर्डाच्या दुसऱ्या टोकाला. ब्रेडबोर्डची दहा सेंटिमीटर तार वेगवान सिग्नलला तार राहत नाही, ती कॉइल होते. दोन्ही जागेवर आल्यावर करंट ५ मिलिअँप, आयसी गार.

२ फेब्रुवारी

माइक, प्रीअँप, आयसी, स्पीकर सगळं एकत्र. व्हॉल्यूम अर्ध्याच्या वर गेला की पुट-पुट-पुट, होडीच्या इंजिनासारखं. सेकंदाला तीन-चार ठोके.

माइक आणि स्पीकर समोरासमोर आल्यावर होणारी शिट्टी वेगळी. ती कर्कश असते आणि माइक मीटरभर लांब नेला, पाठमोरा केला की थांबते. ही पुटपुट माइकवर हात ठेवूनही थांबत नव्हती. म्हणजे वाट हवेतून नाही, पुरवठ्यातून.

बॅटरीचा अंतर्गत रोध मोजला. मोकळी ९.२, १०० ओहम लावल्यावर ७.४. करंट ७४ मिलिअँप, पडलेले व्होल्ट १.८, म्हणजे २४ ओहम. साधी कार्बन-झिंक बॅटरी, अर्धी वापरलेली. मोजताना १०० ओहमचा पाव वॉटचा रेझिस्टर दोन सेकंदांपेक्षा जास्त ठेवू नये, त्यावर अर्ध्या वॉटहून जास्त पडतात आणि बोट भाजतं. आता साखळी स्पष्ट आहे. स्पीकरनं करंट ओढला की पुरवठा खचतो, तो खचला की माइकचं टोक आणि बेस दोन्ही हलतात, तो हलका धक्का हजारपट होऊन पुन्हा स्पीकरकडे येतो.

प्रीअँप आणि माइकचा पुरवठा वेगळा केला. बॅटरीपासून ३३० ओहम, मग ४७० मायक्रोफॅरड ग्राउंडला, आणि तिथून पुढे दोघांना. सीमा १ हर्ट्झ, इथे उलट तिच्या वरचं अडतं. दोघं मिळून ११०० मायक्रोअँप घेतात, त्यामुळे ३३० वर ०.३६ व्होल्टच जातात. पुटपुट बंद. बॅटरीच्या टोकांवर आणखी एक ४७० लावल्यावर मोठ्या आवाजातले शब्दही फाटेनासे झाले. अल्कलाइन बॅटरी लावली असती तर दोष कदाचित दिसलाच नसता, आणि दोन महिन्यांनी बॅटरी उतरल्यावर उपटला असता.

गेन ५० ठेवला. तोंडापासून दहा सेंटिमीटरवर माइक धरून साधं बोललं की कॅप्सूलमधून १ मिलिव्होल्टच्या आसपास येतो. १ × २१ × ५० म्हणजे स्पीकरवर एक व्होल्ट, म्हणजे वॉटचा आठवा भाग. खोलीला पुरे. २०० चा मोह होतो, पण त्यात बोलण्यापेक्षा फसफस आणि शिट्टीच जास्त वाढते.

९ फेब्रुवारी

झिरो पीसीबीवर (भोकं आणि तांब्याची कडी असलेल्या कोऱ्या बोर्डावर) उतरवलं. पहिल्या बोर्डावर आवाज आला, पण मोठ्या आवाजाला घरघरणारी विकृती, जी ब्रेडबोर्डवर नव्हती. सुटे भाग तेच, व्होल्टेजं तीच. चूक ग्राउंडच्या वाटेत होती. स्पीकरचा ऋण पाय बोर्डाच्या डाव्या टोकाला, बॅटरीचा उजव्या, आणि मध्ये माइकचं ग्राउंड. स्पीकरचा परतीचा करंट माइकच्या अंगणातून जात होता. टिनानं भरलेल्या पातळ वाटेचा रोध ०.०५ ओहम धरला आणि १०० मिलिअँप धरले, तरी ५ मिलिव्होल्ट होतात. माइकचा सिग्नल एक मिलिव्होल्टचा. पाचपट मोठा पाहुणा घरात शिरल्यावर यजमानाचं कोण ऐकतं.

स्पीकरचा ऋण आणि ४७३ वाल्या जोडीचा ऋण थेट बॅटरीवरच्या ४७० च्या ऋण पायावर नेला. आयसीचा पाय ४ तिथेच, वेगळ्या तारेनं. माइक, प्रीअँप आणि पॉट यांचं ग्राउंड आपसात जोडून एकाच तारेनं त्याच पायाशी. घरघर गेली. माइकची तार जाळीवाली, जाळी माइकच्या ऋणाला आणि बोर्डाच्या ग्राउंडला.

टाक्यांसाठी २५ वॉटची सोल्डरगन आणि ६०/४० ची तार. पायाला आणि तांब्याच्या कड्याला दोन्हीला टोक टेकवायचं, मग तार लावायची. टोकावर टिन वितळवून तो थेंब पायावर सोडला की वरून गोटीसारखा, खालून सुटा टाका होतो. असे दोन निघाले, दोन्ही आयसीच्या सॉकेटखाली. हवेशीर जागा आणि काम झाल्यावर हात धुणं, कारण ६०/४० मधला ४० हा शिसं आहे.

१० फेब्रुवारी

जुन्या ट्रान्सफॉर्मरवाल्या अ‍ॅडॉप्टरवर लावून पाहिलं. अंगावर ९ व्होल्ट छापलेले, मोकळं मोजल्यावर १२.८. त्यावरचा आकडा पूर्ण भाराचा असतो. एलएम ३८६ एन-१ साठी शिफारशीची हद्द १२ व्होल्ट, म्हणून थेट जोडला नाही. मध्ये ७८०९ (व्होल्टेज ९ वर स्थिर ठेवणारा रेग्युलेटर) घातला: छापील बाजू समोर धरली की डावीकडून आत, ग्राउंड, बाहेर. आतल्या पायाला ०.३३ आणि बाहेरच्या पायाला ०.१ मायक्रोफॅरड. भार आल्यावर आतलं व्होल्टेज साडेअकराच्या खाली जाऊ देऊ नये, नाहीतर ७८०९ चा ताबा सुटतो आणि गुणगुण बाहेर येते.

गुणगुण आलीच, तर ती ५० हर्ट्झची की १०० ची, ते स्कोपवर आधी बघावं. १०० म्हणजे पूर्ण तरंगाच्या रेक्टिफायरचा (एसीचं डीसी करणाऱ्या भागाचा) लहरा, उपाय पुरवठ्याकडे. ५० म्हणजे माइकची तार किंवा सुटलेली जाळी घरातल्या वायरिंगमधून उचलते आहे, उपाय दाराकडे. इथे १०० होती. अ‍ॅडॉप्टरचा आतला कपॅसिटर वाळला होता. बाहेरून १००० मायक्रोफॅरड, २५ व्होल्टचा जोडल्यावर गेली.

१६ फेब्रुवारी

बॅटरी उतरताना काय होतं याची चाचणी, बदलत्या पुरवठ्यावर. ९.२ ला एमिटर ०.८०, कलेक्टर ५.१. ६.५ ला एमिटर ०.३९, कलेक्टर ४.४, आणि जोडलेल्या प्रीअँपचा गेन २६ वरून २० वर. करंट निम्मा झाला की आतला एमिटर रोध ३० वरून ६५ होतो, म्हणून. ५ व्होल्टला कलेक्टर ४.० वर, वरच्या हद्दीपासून पाऊण-एक व्होल्ट अंतरावर, तरी माइकच्या छोट्या सिग्नलला तेवढी जागा पुरते. आधी दम तुटतो तो आयसीचा. ती ४ व्होल्टपर्यंत जिवंत राहते, पण ६ च्या खाली मोठ्या आवाजाला तरंग दोन्ही बाजूंनी सपाट होतो.

डब्याच्या झाकणाच्या आत हे आकडे कागदावर लिहून चिकटवले: पुरवठा ९.२, प्रीअँपचा पुरवठा ८.८, बेस १.४५, एमिटर ०.८०, कलेक्टर ५.१, आयसीचा पाय ५ ला ४.५, एकूण करंट शांततेत ५ मिलिअँप. राहिलेलं काम: पॉटच्या धातूच्या अंगाला ग्राउंडची तार, नाहीतर बोट लागलं की गुणगुणतो.